किसन आणि कातड्यातला भोवरा

किसन गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या गावचा, डोंगरकड्याचा माणूस जवळा बाजारला आला, तेव्हा मी शाळेत पाढे घेत होतो. विषमज्वरानं गेला, असं त्यानं सांगितलं. पाणी प्यायला, पायरीवर टेकला आणि मान खाली घालून पुढचं बोलला, "गुरुजी, लोकं म्हणून राहिले, बाईच्या डोक्यातल्या दोन भोवऱ्यांनी माणूस खाल्ला." ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण गोदा. किसन माझा लहानपणापासूनचा मित्र आणि दोन वर्षांपासून मेहुणा. त्याला जाऊन आता महिना उलटला. त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या होत्याच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा रागानं लिहायला बसलो आहे. भोवऱ्याचं खूळ ज्यानं स्वतःच्या डोक्यातून काढून टाकलं, त्याच्याच मरणाला लोकांनी भोवरा चिकटवावा...

आमच्याकडं बैल किंवा घोडं घ्यायचं तर दात नंतर बघतात, आधी भोवरे बघतात. अंगावर केस गोल फिरलेली जागा म्हणजे भोवरा. एका जागी असला तर धन्याचं भलं, दुसऱ्या जागी असला तर धन्याचं वाटोळं. किसनचे वडील यातले मोठे जाणकार. आमच्या बाजारात त्यांनी नुसती मान हलवली तरी सौदा मोडायचा. किसन त्यांच्या मागं मागं फिरायचा आणि तसाच जनावराच्या पाठीवरून तळवा फिरवायचा, एकदा केसांच्या बाजूनं, एकदा उलटा. हिंगोलीला आम्ही एका खोलीत राहून शिकलो. तिथं गणित सोडून तो वर्गातल्या पोरांच्या डोक्यातले भोवरे तपासत बसायचा. माझं डोकं बघून म्हणाला होता, "तू मास्तरच व्हशील. दुसरं काही जमायचं न्हाई तुला." हे मात्र खरं झालं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर तो घरी न सांगता फौजेत गेला. खेचरांच्या पलटणीत लागला आणि फिरत फिरत काश्मीरला, गुलमर्गच्या छावणीत पोचला. तिथं शिपायांना बर्फावर चालायचं शिकवत. पायांना लांब फळ्या बांधायच्या, त्यांना स्की म्हणतात. उतारावरून त्या आपोआप घसरतात, पण चढावर काय करायचं? तर फळीच्या खाली तिच्याच रुंदीची कातड्याची पट्टी ताणून बसवायची, केसांची टोकं मागच्या बाजूला. पाय पुढं सरकवला की केस निजतात आणि फळी पुढं जाते. भार मागं आला की केस उभे राहून बर्फात रुततात आणि माणूस जागच्या जागी थांबतो. समुद्रातल्या प्राण्याची कातडी विलायतेहून येत, ती लढाईमुळं बंद झाली. मग बकऱ्याची, घोड्याची, मिळतील ती कातडी जमा झाली आणि ती निवडायचं काम किसनकडं आलं. मानेचं नको, तिथं जाड. पोटाचं नको, तिथं पातळ आणि ढिलं. पाठीचं घ्यायचं. केस आखूड आणि ताठ हवे, लांब असले तर बर्फाचे गोळे धरतात. तळवा त्याचा तयारच होता.

पण चूकही त्याच्याच हातून झाली, आमच्याकडच्या भोवऱ्याच्या खुळापायी. त्याच्या तंबूत एक गढवाली शिपाई होता, दोघांचं फार जमायचं. त्याच्यासाठी किसननं घोड्याचं एक कातडं राखून ठेवलं, का तर त्यात शुभ भोवरा होता. आपल्या दोस्ताला तेवढंच रक्षण! तो भोवरा नेमका पायाखाली आला. कडक गोठलेल्या चढावर गढवाल्यानं भार टाकला, तिथले केस गोल फिरलेले, ते काही धरेनात. फळी मागं सुटली. माणूस दगडांवर जाऊन आदळला आणि त्याची मांडी मोडली. दवाखान्यात किसन त्याच्या उशाशी बसून राहिला. गढवाल्यानं त्याला दोष दिला नाही, म्हणून किसनला जास्तच लागलं.

लढाई संपल्यावर किसन परत आला, तेव्हा आमच्या घरी गोदाच्या लग्नाची काळजी चालली होती. तिच्या डोक्यात दोन भोवरे. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, म्हणजे पहिला नवरा मरणार. स्थळ आलं की कुणीतरी म्हातारी तिची वेणी सोडून डोकं बघायची आणि चहा न पिता मंडळी उठायची. गोदा मुकाट्यानं पुन्हा वेणी घालायची. मला ते बघवायचं नाही. एक दिवस किसन आला आणि आमच्या वडिलांपुढं बसून त्यानं सरळ गोदाला मागणी घातली. त्याच्या आईनं, राधामावशीनं, डोकं आपटून घेतलं. "काहून जिवावर उठला रं?" म्हणाली. तो शांतपणे म्हणाला, "आये, भोवरा म्हंजे केस फिरलेली जागा. कातड्यात असला तर माणूस घसरतो, हे म्या डोळ्यानं पाह्यलं. बाईच्या डोक्यात असला तर भांग वाकडा पडतो. बाकी काही न्हाई." लग्न झालं. दोघं सुखात होती, हे मी लपवून कशाला ठेवू?

तेराव्याला मी डोंगरकड्याला बैलगाडी घेऊनच गेलो होतो.  जेवणाची पानं उचलल्यावर भावकीतल्या बायकांनी कुजबुज सुरू केली आणि मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "गुरुजी, तुमची पोरगी घेऊन जा." मी उठलो. भांडायचं त्राण नव्हतं, आणि बहीण मला जड नव्हती. बैल जुंपले. गोदा बाहेर आली, पण गाडीकडं आली नाही. ती सासूपुढं जाऊन बसली, पाठ करून, आणि तिनं अंबाडा सोडला.

"आत्याबाई, दोन वरसं दर आइतवारी तुमीच तेल घातलं या डोक्याला," ती म्हणाली. "तुमची बोटं दर खेपेला फिरली तिथून. तवा तुमाला काही झालं का? त्यान्ला तापानं नेलं. तुमीबी पाह्यला त्यो ताप, मीबी पाह्यला. आपुन दोघीच व्हतो उशाला."

 मावशीनं त्या डोक्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. भावकीतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तिनं गोदाच्या टाळूवर तेल थापलं आणि तिथंच हात ठेवून मोठ्यानं रडली. लेक गेल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

"किसन असता तर रागं भरला असता मला," एवढंच ती म्हणाली. मग डोळे पुसून माझ्यावर खेकसली, "गुरुजी, उभे काहून राह्यले? बैल सोडा."

मी बैल सोडले.