पाय पाहून अंथरूण

समजा, तुमच्यासमोर जमिनीवर एक गोधडी पसरली आहे. वर धड कापड, खाली धड कापड, मधे जुन्यापान्या कपड्यांचे थर. उजव्या हातात सुई आहे. डावा हात गोधडीखाली घालायचा आणि आंधळ्यासारखा तिथे वाट बघत ठेवायचा. वरून सुई टोचली की तिचं टोक खालच्या बोटाला लागतं. लागलं की तीच सुई परत वर ढकलायची. वरच्या हाताला सगळं दिसतं, खालच्याला फक्त टोचतं. कडाक्याच्या थंडीत बोटं बधिर झाली असतील तर तेही कळत नाही, कापडावर लाल ठिपका उमटला की मगच कळतं.

तिच्या गोधडीवर असे ठिपके बरेच पडले होते.

ती दिवसा पंप बनवणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायची आणि उरल्या वेळात लिहायची. घरात तिच्याआधी सहीपलीकडे कोणी काही लिहिलं नव्हतं. त्यामुळे पहिलं पुस्तक आलं त्या दिवसापासून मावशी तिला लेखिकाबाईच म्हणू लागली. दुसरं पुस्तक एका घराचं होतं. त्या घरातला मुलगा मिसरूड फुटायच्या आधीच एका सकाळी निघून जातो, तो परत येतच नाही. हे तिने रचलेलं नव्हतं. तिचा दादा असाच गेला होता. आठवड्याच्या आत आईने त्याचे सगळे कपडे जुने कपडे घेणाऱ्याच्या गाठोड्यात टाकले, "गेला तो गेला" म्हणाली आणि त्यानंतर त्याचं नाव घरात निघालं नाही. तिने पुस्तकात हे जसंच्या तसं लिहिलं. मग पुस्तकातल्या आईनेही तोंड मिटलं. "आई म्हणाली" एवढं लिहायचं आणि खोडायचं. थंडी सुरू झाली तेव्हापासून गाडी तिथेच अडली होती.

"गोठलंय का काय सगळं?" संपादकांनी फोनवर विचारलं.

"नाही, चालू आहे."

"चालू आहे म्हणजे बंद आहे. एवढी पुस्तकं काढल्यावर तेवढं कळतं हो."

फोन ठेवून तिने कपाटावरून आईची अर्धवट गोधडी खाली काढली. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. सुई अजून कापडातच होती, गंजून चिकटलेली. हाताला काम मिळालं की डोकं सुटतं म्हणतात, तेवढ्याच आशेने तिने नव्या सुईत दोरा ओवला.

आई कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत आत यायची. बाहेरचे फेरे तिने घातले होते, मधला भाग राहिला होता. लेक तिथून पुढे निघाली. आईचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, हिचे वेडेवाकडे. पण पहिले काही दिवस बरे गेले. मग तिला वाटू लागलं की गोधडीखालचा आपला हात एकटा नाही. खाली ऊब असायची, खोलीत नसली तरी. कापडाचे थर हवा धरून ठेवतात, त्यात काय, असं तिच्यातली इंजिनियर म्हणायची. तरी ती हात लवकर बाहेर काढायची.

एका सकाळी मधोमध सुई कशावर तरी आपटली. टक्. सुई सरकवली, पुन्हा टक्. तिने वरून चाचपलं. बटण. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं, सरळ रांगेत. वर कॉलरची जाड घडी. एक बाही डावीकडे पसरलेली, एक उजवीकडे. आत कोणीतरी हात फैलावून उताणं झोपलं होतं. चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

रविवारी मावशी आली. आईची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली.

"काय लेखिकाबाई, पेन मोडलं की काय? आणि हे टाके आहेत का उंदरांची पळापळ?"

"मावशी, आई गोधडीत अख्खा शर्ट घालायची?"

"छट्! ताई? आधी बटणं कापून डब्यात, मग कॉलर उसवायची, शिवणी उसवायची. शिवणीवर सुई मोडते म्हणायची. अख्खा कपडा कोण घालतं, माणूस पुरल्यासारखा?"

बोलून गेली आणि मावशीने जीभ चावली. तिने मावशीचा हात धरून मधोमध ठेवला. मावशीची बोटं बटणांवरून खाली आली, छातीशी डाव्या बाजूला थांबली, तिथेच घुटमळली.

"खिशाला ठिगळ आहे," मावशी हळूच म्हणाली. "सायकलवरून पडला होता. मीच लावलं होतं ते."

"पण कपडे तर सगळे देऊन टाकले ना? मी दारात उभी होते."

"दिले की. तू पाहिलंस, मी पाहिलं, शेजारणींनी पाहिलं. सगळ्यांनी बघावं म्हणूनच दिले असतील."

"उसवून बघू का?"

"हात तर लावून बघ! कानाखाली काढीन, एवढी घोडी झालीस तरी." मावशीने डोळे पुसले आणि उगाच गोधडीच्या सुरकुत्या सारख्या करत टोकापर्यंत गेली. तिथे थबकली. "अगं, ही एवढी लांब कुणासाठी?"

"म्हणजे?"

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, तुझ्या आईचं उलटं. पाय पाहून अंथरूण. ज्याची गोधडी त्याला कापडावर आडवं करायची, डोक्याशी एक रेघ, टाचांशी दोन. त्याच्यापुढे वीतभर कापड. माझी तशी झाली, तुझ्या बाबांची झाली. अंदाजाने कापड फाडलेलं मी तरी पाहिलं नाही."

ती गोधडीवर आडवी झाली. पाय ताणले तरी पायांखाली केवढं तरी कापड उरलं. त्यांच्या घरात सगळेच बुटके. दादा गेला तेव्हा जेमतेम आईच्या खांद्याला लागत होता.

"पोरं वाढतात," मावशी म्हणाली. "धरला असेल तिने अंदाज."

"आत्ताच म्हणालीस ना, अंदाजाने करायची नाही म्हणून?"

"चहा टाक आता," मावशी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. जाईपर्यंत तिने पुन्हा विषय काढू दिला नाही.

मावशी गेल्यावर तिने आपलं लिखाण उघडलं. कपडे गाठोड्यात टाकणारी आई वाचली. त्यात खोटं काही नव्हतं, तरी ती बाई आता तिला ओळखू येईना. पुढचं वाक्य मात्र लगेच सुचलं, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. ते लिहायच्या आधी ती उठली आणि तिने गोधडी पालथी केली.

डोक्याशी पेन्सिलीची एक रेघ होती. पायांकडे, कडेपासून वीतभर अलीकडे, दोन. पुसट, पण शेजारी शेजारी, दोन टाचांमध्ये असतं तेवढं अंतर राखून.

तिने त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. एवढ्या वर्षांत न दिसलेल्या पोराला आईने मनातल्या मनात वाढवलं आणि नुसत्या त्या अंदाजावर या रेघा ओढल्या? की सगळे कामावर गेले असताना, एखाद्या दुपारी, कोणीतरी खरंच येऊन या कापडावर आडवं झालं होतं?