सदऱ्यावरचे डाग

मी मूळचा अजिंठ्याकडचा. डोक्यावर एक पाटी घेऊन शहरात आलो आणि वर्षभरात गुलमंडीच्या बाजाराच्या तोंडाशी स्वतःची हातगाडी उभी केली. मुळे विकायचो. गिऱ्हाइकाला आधी एक चकती कापून चाखायला द्यायची आणि मगच भाव सांगायचा, ही माझी रीत. चाखलेला माणूस घासाघीस करताना जरा नरम पडतो. लोखंडी सुरी मी दर वेळी सदऱ्याच्या डाव्या बाजूला पुसायचो. तिथं तांबूस-काळे डाग कायमचे बसले होते.

शेजारचा कांदेवाला रोज वीतभर माझ्या जागेत सरकायचा. एकदा आमची जुंपली. मी त्याची कॉलर धरली, हे खरं आहे. त्याच दिवशी घरी जाताना कुणीतरी त्याचं डोकं फोडलं आणि त्यानं माझं नाव घेतलं. जमादार आला, खुंटीवरचा सदरा घेतला आणि मला ठाण्यात नेऊन बसवलं.

प्रयोगशाळेतला एक अधिकारी तिथं आला होता. त्यानं डागावर कागद घासला आणि त्यावर दोन बाटल्यांतले थेंब टाकले. कागद गुलाबी झाला.

"बोल आता," जमादार म्हणाला. "निघालं का नाय रगत?"

माझं डोकं सणकलं. "दोन थेंबांत माणूस आत घालता व्हय? मुळ्याचा रस हाय त्यो. एक मुळा आणा, हितंच दावतो."

"मुळ्याला कधीपासून रगत यायलं रं?"

अधिकारी हसला नाही. "आणा मुळा," तो म्हणाला.

शिपायानं मुळा आणला, तो माझ्याच गाडीवरून आणि फुकट. मी तो कापला, सुरी स्वच्छ फडक्याला पुसली. फडकं वाळल्यावर अधिकाऱ्यानं त्यावर नवा कागद घासून तसेच थेंब टाकले. तोही कागद गुलाबी झाला. जमादार खिडकीबाहेर बघू लागला.

"ही चाचणी फक्त संशय दाखवते," अधिकारी मला म्हणाला. "मुळा, गंज यांनीही ती फसते. आता डागाचा धागा काचेवर ठेवून, औषध घालून गरम करीन आणि सूक्ष्मदर्शकातून बघीन. रक्त असेल तर गुलाबी सुयांसारखे स्फटिक दिसतात."

"आन् नाय दिसले तर?"

"तर रक्त आहे असं मी लिहून देणार नाही."

मला घरी सोडलं, पण पुढचे आठ दिवस गिऱ्हाईक गाडीपाशी थांबेना. लोक दुरूनच बघत. ठाण्यात बसण्यापेक्षा ते मला जास्त झोंबलं.

अहवाल आला. स्फटिक दिसले नव्हते. जमादारानं सदरा पुढं टाकला. त्याला कात्रीनं पाडलेली दोन भोकं होती.

"सदरा मिळाला म्हणून सही कर अन् जा."

"करतो. पण ह्यो कागद बाजारात येऊन वाचायचा. मोठ्यानं."

"मी काय दवंडीवाला हाय?"

"मग सही नाय."

बरीच ओढाताण झाली. शेवटी अहवालातल्या दोन ओळींवर सौदा पटला. जमादारानं माझ्या गाडीपाशी उभं राहून त्या खणखणीत वाचल्या. कांदेवाला डोक्याला पट्टी बांधून कांदे निवडत होता. त्यानं मान वर केली नाही. चुकलो असं तो आजवर म्हणालेला नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही. पण त्या दिवशी दुपारच्या आतच माझी गाडी रिकामी झाली.