पाचवे जोडपे

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, व्यवसाय अर्जलेखन, राहणार कोथरूड. घटनेचे स्थळ : आमच्या सोसायटीचे फाटक व त्यालगतचा बसथांबा. दिवस : कार्तिकातला सोमवार, भर दुपार. साक्षीदार : एक, माझी पत्नी सुमन; दोन, तिचे थोरले बंधू वसंतराव, राहणार खडकी, कारखान्यातून निवृत्त; तीन, श्रीमहादेव. ते सर्वत्र हजर असल्यामुळे त्यांना वेगळी नोटीस काढलेली नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. तथापि कचेरीबाहेर बसून मी आजवर जे अर्ज लिहिले, त्यांतला मजकूर अपुरा आहे असे कोणत्याही साहेबाने म्हटलेले नाही. म्हणून हा अनुभवही मी जसा घडला तसाच, पदरचे काही न घालता, सादर करीत आहे.

त्या वर्षी सुमनच्या पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. आत नेण्यापूर्वी तिने महादेवाला शब्द दिला, की यातून उठले तर सोळा सोमवार करीन आणि उद्यापनाला पाच जोडपी जेवू घालीन. ती उठली. सोमवार दूध-फळांवर निभावले. उद्यापनाच्या दिवशी मात्र तिने ठरवले, की पाचही जोडपी जेवल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. डॉक्टरांनी उपाशी राहायला सक्त मनाई केली होती. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनीही जाताना दूध घ्या म्हणून सांगितले. ती म्हणाली, "जीव ज्याच्यावर मिळाला तो शब्द आहे. तो मोडून दूध कसं पिऊ?"

चार जोडपी वेळेवर आली; वसंतराव व त्यांची पत्नी हे त्यांतलेच एक. पाचवे धायरीहून यायचे होते. पाने मांडली आणि फोन वाजला : त्यांच्या भावकीत कोणी वारले, सूतक लागले, येता येत नाही. मी सोसायटीतले सर्व मजले पालथे घातले. परंतु कोथरूडात सोमवारी दुपारी नवरा-बायको दोघेही घरी सापडणे, हा योग आता पंचांगातूनच गेलेला आहे. कोणी बँकेत, कोणी हिंजवडीला. परत आलो तेव्हा सुमन ओट्याला धरून उभी होती आणि तिचे हात कापत होते. वसंतराव पानावरून म्हणाले, "भावोजी, सगळ्या गावाचे अर्ज लिहिता. एक महादेवाला टाका. जोडपं पाठवा म्हणावं, भूक लागलीय."

मी खाली उतरलो.

फाटकाशी उभा राहून मी स्कूटरवरून जाणाऱ्या एका जोडप्याला थांबवले आणि अदबीने म्हणालो, "अहो, आपण दोघे आमच्याकडे जेवायला याल का?"

"कुठली स्कीम?" गृहस्थांनी विचारले.

"स्कीम नाही. उद्यापन आहे."

"मागच्या महिन्यात असंच जेवायला बोलावलं होतं. पोळी एक दिली आणि महाबळेश्वरच्या खोल्या तीन तास दाखवल्या. या आता."

दुसऱ्या जोडप्यातल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "चला हो, हे साबणवाले. आधी जेवू घालतात, मग मेंबर करतात." तिसऱ्यांनी वेग वाढवला. मला राग आला असे नाही. ज्या शहरात रोज कोणी ना कोणी काहीतरी फुकट देऊ करीत होता, तिथे खरोखर फुकट देणारा माणूस संशयितच ठरणार. पण माझी पंचाईत अशी झाली, की विनंतीची जेवढी भाषा मला येत होती ती सगळी वापरून झाली होती. मी बोलणे थांबवले. मनात एवढेच म्हटले, "देवा, मजकूर संपला. आता तू बघ." आणि हात जोडून तसाच उभा राहिलो.

"काका, कोणाला शोधून राहिले का?"

थांब्यावर एक तरुण मुलगी उभी होती. शेजारी तिचा नवरा, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. दोघे नागपूरकडचे, हे पहिल्या वाक्यालाच समजले. त्याची दुपारची पाळी होती. तिला सुट्टी, म्हणून ती त्याला बसपर्यंत सोडायला आली होती. मी सर्व हकीकत सांगितली. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आम्ही आत्ताच जेवून निघालो, काका. आणि आधीच सांगून ठेवतो, आम्ही बौद्ध आहोत. पूजेत बसणार नाही, पाया पडणार नाही, कुंकू लावून घेणार नाही. एवढं चालत असेल आणि काकू खरंच उपाशी असतील, तर येतो."

इतका स्वच्छ मजकूर मी भल्याभल्या वकिलांच्या तोंडून ऐकलेला नाही. तेवढ्यात कंपनीची बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुलाने त्याला हातानेच पुढे जा म्हणून खूण केली.

"अहो, तुमची नोकरी?"

"साहेब बोलतील. बोलू द्या," तो म्हणाला. "भरल्या पोटी ऐकून घेऊ."

घरात शिरताच मी त्याच्या अटी सर्वांसमक्ष जशाच्या तशा सांगितल्या. वसंतराव चुळबुळले. "सुमे, गुरुजींना एकदा विचारून घेतलं असतंस तर?"

सुमन म्हणाली, "दादा, मी जोडपं जेवू घालीन असं बोलले होते. कुठलं, ते बोलले नव्हते." आणि कुंकवाचा करंडा तिने आपणहून बाजूला ठेवला.

मुलगी हसून म्हणाली, "तो गजरा मात्र द्या, काकू. तो मला लय आवडते."

पाची जोडपी बसली. त्या दोघांनी पोटात जागा नसताना पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी खाल्ली, चुरमा खाल्ला. सुमन वाढायला वाकली की मुलगी नवऱ्याच्या पानाकडे बोट दाखवून म्हणायची, "आणखी अर्धी." चौथ्या अर्धीला नवरा हळूच म्हणाला, "अगं, घरी भरवलं, आता इथंही मलाच भरवून राहिली का तू?" आणि वसंतरावांना ठसका लागेपर्यंत हसू आले. मग त्या मुलीने हात धुतले, सुमनला दंडाला धरून पाटावर बसवले आणि म्हणाली, "आता तुम्ही बसा. मी वाढते." माझ्या पत्नीने दिवसातला पहिला घोट घेतला तो त्या मुलीने पुढे केलेल्या तांब्यातून. सुमनचे हात कापायचे थांबलेले मी स्वतः पाहिले.

दोघे घाईने गेले. नावे विचारायची राहिली, आणि पुढे ते त्या थांब्यावर दिसले नाहीत.

यात चमत्कार होता की नव्हता, हा वाद मी दाखल करीत नाही. मी एवढेच जाणतो, की महादेवाकडे मदत मागितली आणि ती आली अशा दोघांच्या हातून, जे महादेवाला हात जोडत नाहीत. त्यांनी माझ्या देवासाठी काही केले नाही. एका अनोळखी बाईच्या भुकेसाठी केले. देवाने कोणाला पाठवावे हे त्याला सुचवण्याची हौस माझी तेव्हापासून गेली. मागावे, आणि दार उघडे ठेवावे.

सबब, श्रीमहादेव यांचे चरणी विनंती अर्ज :

सदर जोडपे आपल्याकडे काही मागायला येणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलेले आहे. म्हणून त्यांच्या मताला कोणतीही बाधा न येता, त्यांच्या वतीने हा अर्ज मी करीत आहे. त्या दुपारी त्या मुलाला साहेबांचे बोलणे खावे लागले असल्यास त्याची भरपाई व्हावी. त्यांच्या घरी कोणी उपाशी निजू नये. आणि परक्या गावात त्यांना कधी अडून उभे राहावे लागले, तर त्यांना कोणीतरी आपणहून विचारावे, की कोणाला शोधता आहात का.

उत्तर अपेक्षित आहे. मुदत आपण ठरवावी.