शिवम्माच्या बाटल्या

नळदुर्गाच्या अलीकडं दोन कोसांवर एक बारव होती. आता बुजली बिचारी. पण निजामाच्या मोगलाईत अख्खं गाव तिच्या पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागरी भरायचं. काय हसणं, काय भांडणं, काय आपसातल्या चहाड्या! आणि त्याच पाण्यानं माणसांच्या पायातून नारू निघायचा. पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा, रोज बोटभर ओढून काडीला गुंडाळायचा. मधेच तुटला की पाय सडलाच म्हणून समजा.

शिवम्माच्या नवऱ्याचा, महांतप्पाचा नारू असाच तुटला. एवढा दांडगा गडी, पण महिन्याभरात गेला. सासू पार्वतम्मा उठताबसता म्हणायची, "हिनंच देवाचं कायतरी चुकवलं, म्हणून माझा लेक गेला." शिवम्मा वर तोंड करून बोलायची नाही. पण घर एक, घागर एक, मग त्यांनाच का झाला आणि आपल्याला का नाही, हा प्रश्न तिला आतून कुरतडायचा.

१९४६ साली हैदराबादहून डॉक्टर गफार आले. परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या एका मंडळानं इराण, आफ्रिका आणि इथलं विहिरींचं पाणी एकाच वर्षी तपासायचं काढलं होतं. सूक्ष्मदर्शक दुर्बीण, बाटल्या, सगळं त्यांनीच जहाजानं पाठवलेलं. डॉक्टरांनी चावडीवर सांगितलं, की नारू पाण्यातल्या बारीक किड्यांतून पोटात जातो. गाव खो खो हसलं. शिवम्मा तेवढी हसली नाही.

"डागदरसाब, आमचं मालक नारूनं गेलं. पान्यातनं होतो तर मला का न्हाय झाला?"

"तेच शोधायचंय, अम्मा. तुम्ही दर सोमवारी बाटल्या भरून बसमधून पाठवा."

शिवम्मानं ते काम देवपूजेसारखं केलं. बाटल्या राखेनं घासल्या, उन्हात वाळवल्या, भरल्या. दोन महिने झाले आणि डॉक्टर रागानं लाल होऊन आले.

"अम्मा, एकाही बाटलीत एक किडा नाही! गाव नारूनं लोळतंय आणि पाणी गंगाजळ? मंडळाचं पत्र आलंय. पुढची खेप अशीच गेली तर ही बारव यादीतून काढणार."

शिवम्मानं ओळखलं, बारव गेली की उत्तरही गेलं; मग जन्मभर सासूचेच शब्द ऐकायचे. "माझ्या हाताला खोट न्हाय," ती म्हणाली, "डोळ्यांदेखत भरते, चला."

बारवेत उतरून तिनं पदर दुहेरी केला, बाटलीच्या तोंडावर ताणला आणि वरून पाणी ओतलं.

"अरे अल्ला!" डॉक्टर ओरडले. "गाळता कशाला?"

"मग? न गाळलेलं पानी परक्या मुलखात पाठवू व्हय? काय म्हन्तील तिथली मान्सं? आमच्यात लिंगपूजेला, प्यायला, पानी गाळूनच लागतं."

डॉक्टर मटकन पायरीवर बसले. मग पोट धरून हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. "घरात नेहमी असंच गाळता?"

"रोज. लग्न होऊन आले तवापासनं."

तिथंच त्यांनी पेटीतली दुर्बीण काढून मांडली. न गाळलेल्या पाण्याचा थेंब ठेवून म्हणाले, "बघा." शिवम्मानं डोळा लावला. थेंबात चिमुकले किडे टुणटुण उड्या मारत होते. नंतर तिच्या बाटलीतला थेंब ठेवला. त्यात काहीच नव्हतं.

"पदरात अडकतात ते. म्हणून तुम्ही वाचलात. तुमचे मालक कुठलं पाणी प्यायचे?"

शिवम्मानं पाण्यालगतच्या पायरीकडं पाहिलं. रानातून येताना महांतप्पा याच पायरीवर वाकायचा. ती घागर घेऊन वर चढत असायची, तो ओंजळीनं घटाघटा प्यायचा आणि ओल्या मिशा पुसत हाक मारायचा, "शिवे, थांब की गं!" तीही मान वळवून हसायची. आयुष्यातलं सगळ्यात गोड असं तेवढंच तिनं जपून ठेवलं होतं.

पुढची खेप न गाळता गेली आणि बारव यादीत राहिली. मंडळाच्या छापील अहवालात म्हणे एक ओळ आली, की पहिल्या बाटल्या भरणाऱ्या बाईनं पाणी गाळलं होतं, आणि तिला नारू नव्हता. डॉक्टरांनी ती पार्वतम्माला वाचून दाखवली आणि लेकाचा नारू देवाच्या कोपानं नाही, न गाळलेल्या पाण्यानं झाला, हे समजावलं. म्हातारी त्या दिवसापासून गप्प झाली.

सुटली शिवम्मा. पण बारवेत दुर्बीण लावली त्या दिवशी, डॉक्टर गेल्यावर ती पायरीवर बसून मोठ्यानं रडली होती. "हासत उभी ऱ्हायले ओ मी. दोन पावलं खाली येऊन पदर धरला असता, तर?"

म्हातारपणी बारवेवर कुणी ओंजळ भरली की ती असेल तिथून धावत यायची, पदर पुढं करायची आणि म्हणायची, "थांब की रं!"