एक ते दोन माझा तास

त्यांनी माझी पिशवी ओट्यावर पालथी केली.

कापसाचा गुंडा. जुन्या धोतराच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या. जंतुनाशकाची बाटली, खोबरेल, कागदात बांधलेली भाकर. आणि वही. आप्पांचा पुतण्या काठीच्या टोकानं एकेक वस्तू बाजूला सारत होता. हात लावत नव्हता. भाकरीलाही काठीच लावली. ती सरकत सरकत ओट्याखाली पडली आणि कोंबड्या धावल्या. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. माझ्या जिवावर बेतलेलं, आणि माझे डोळे त्या भाकरीकडे. याचा मला अजून राग येतो.

मला खाली चपलांपाशी बसवलं होतं. समोर आप्पा खुर्चीत. दोन्ही बाजूंना कापूस वेचायला आलेले मजूर उभे, त्यात माझ्या ओळखीच्या चार बाया. दुपारच्या सुट्टीची वेळ. बघायला सगळ्यांनाच सवड होती.

आप्पा म्हणाले, "आम्हना घरमा ऱ्हाईसन आम्हनीच जिजीले फूस लावस?"

मी ओट्यावरच्या वहीकडे बघितलं.

गावाचं नाव सांगत नाही. शहादा तालुक्यातलं आहे एवढं पुरे. केळी, ऊस, कापूस. माझा नवरा आप्पांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर त्यांच्या शेतात राबणारा. आम्ही त्यांच्याच मळ्यातल्या खोलीत राहायचो. मी गोठा झाडायचे, पाणी भरायचे. मी नवापूरकडची, आदिवासी. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले. आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमचं घर ख्रिस्ती. मला कोणी काल-परवा बदललेलं नाही आणि मीही कोणाला बदलायला निघालेले नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. तीसेक घरं असतील. पत्र्याची एक खोली, तिथं रविवारी जमतो. पण प्रार्थना फक्त रविवारी नसते. ती चोवीस तास चालते. प्रत्येक तासाला एक माणूस धरलेला आहे. तो शेतात असो, चुलीपुढे असो, रिक्षात असो, त्या तासात तो आजाऱ्यांची नावं घेऊन देवाजवळ बसतो. दुपारी बारा ते एक सुमनमावशी. विधवा बाई, पायानं अधू, घरी गोधड्या शिवते. एक ते दोन मी, कारण तेव्हा कामाला सुट्टी असते. दोनला रतिलाल, तो नंदुरबार स्टेशनवर रिक्षा चालवतो. तास संपला की पुढच्याला फोन लावायचा. पुढच्यानं तो कापायचा. कापला म्हणजे घेतला. कापला नाही, वाजून वाजून बंद पडला, तर आधीच्या माणसानं उठायचं नाही. त्यानंच पुढे चालवायचं. एवढा एकच नियम आणि तो सगळे पाळतात. माझ्या फोनमध्ये नावंसुद्धा तशीच आहेत. सुमन बारा. रतिलाल दोन.

आणि नुसतं बसून नावं घ्यायची नाहीत, असं आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पहिल्यापासून सांगायचे. ज्याचं नाव घ्याल त्याच्या दारी जा. सिकलसेलच्या पोराला रक्त द्यायचं असेल तर आईबरोबर नंदुरबारच्या दवाखान्यात जाऊन बसा. बाळंतिणीला पेज द्या. देवाचं बोलायच्या आधी विचारा. नको म्हणाले तर गप्प बसून काम करा. हे आम्ही करायचो. वहीत नाव आणि दुखणं लिहायचो. देव-धर्म, जात-पात काही लिहायचो नाही.

जिजी म्हणजे आप्पांची आई. जिजी आमच्याकडे घरोघर असते, म्हणून हे नाव लिहायला मी भीत नाही. ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मागच्या खोलीत खाटेवर. पाठीला जखमा झाल्या. वास यायला लागला तशी घरातली माणसं त्या खोलीत जाईनाशी झाली. सुनेनं मला गोठ्यात गाठून हळूच विचारलं, तू करशील का? मी केलं. दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारून आले. त्या म्हणाल्या, जखम धू, कोरडी ठेव, आणि दर दोन तासांनी कुशीवर वळव, नाहीतर काही उपयोग नाही. मी सकाळी वळवायचे, दुपारी वळवायचे, संध्याकाळी वळवायचे. मधल्या वेळेला कोणी नाही. रात्रीचं तर विचारूच नका. आमच्यात चोवीस तास प्रार्थनेला माणूस मिळतो. त्या एवढ्या मोठ्या घरात म्हातारीला वळवायला माणूस मिळेना.

जखम धुताना मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. ओठ हलत असतील. एक दिवस जिजीनं विचारलं, काय पुटपुटतेस? मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मन्हं नाव बी लिख व माय तुन्ही वहीमा."

मी लिहिलं. जिजी. पाठ. झोप येत नाही. मी तिच्याजवळ प्रार्थना करते हे आप्पांपर्यंत कोणी नेलं, ते मला अजून माहीत नाही.

तीच ओळ आता पुतण्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. पाठ हा शब्द आला तसं आप्पांचं तोंड काळं पडलं. मला वाटतं, तेव्हाच सगळं बिघडलं. त्यांच्या आईच्या पाठीला भोकं पडली आहेत हे मजुरांनी ऐकलं. देव-धर्म त्यानंतर आला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो पुतण्याच्या हातात होता. एक वाजला असणार.

"सुमन बारा," त्यानं वाचलं. मग फोन चाळला. रतिलाल दोन. अजून दोन-चार नावं, प्रत्येकापुढे आकडा. त्याला वाटलं, घबाड सापडलं. म्हणाला, काका, ही टोळी आहे, यांचे नंबर आहेत, रोज बरोबर एक वाजता फोन येतो, रेकॉर्डला दिसतंय. मी सांगायला तोंड उघडलं, की तास आहेत ते, प्रार्थनेचे तास. पण भीतीनं मी अशी काही अडखळले, की माझं मलाच ते खोटं वाटलं. फोन वाजून बंद झाला. कोणी कापला नाही. म्हणजे सुमनमावशी उठणार नव्हती.

आप्पा म्हणाले, कान धर.

मी चाळीस वर्षांची बाई. माझा मुलगा शहाद्याला कॉलेजात जातो. मी कान धरले. खोटं कशाला बोलू, लगेच धरले. ते म्हणाले, सांग, चुकी गयं. मी म्हणाले, चुकी गयं. ते म्हणाले, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हणाले. पुतण्या मोबाईलवर शूटिंग करत होता. मग माझ्या मांड्या गरम झाल्या आणि लुगडं ओलं झालं. चपलांमधून ओघळ वाहिला. कोणीतरी हसलं. माझ्या ओळखीच्या चार बायांपैकी एकीनं मान खाली घातली, बाकीच्या बघत राहिल्या. त्यांनाही त्याच घरातून मजुरी घ्यायची होती. तेव्हा मला त्यांचा राग आला नाही, नंतर आला.

फोन परत वाजला. सुमन बारा. परत कोणी कापला नाही.

मग पुतण्यानं कागद लिहिला. ओट्यावर बसून, सावकाश. दुसरा एक जण शाईचा पॅड घेऊन आला. कागद माझ्यापुढे धरला आणि आप्पा म्हणाले, "आंगठा दे आनि जाय."

मला वाचता येत नाही असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. वही पाळकानं लिहून दिली, मी नुसती वाहणारी, असं त्यांचं गणित. इतकी वर्षं त्यांचा गोठा झाडला, बाईला लिहिता येतं का हे विचारायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. मी कान धरलेले तसेच ठेवून कागद वाचला. त्यात लिहिलं होतं: आजारी बाईला बरं करण्याचं आमिष दाखवून मी धर्म बदलायला लावत होते. मला मंडळीच्या पाळकानं पाठवलं. माझ्यासोबत अमुक अमुक लोक आहेत. आणि खाली माझ्या फोनमधली नावं. सुमन. रतिलाल. बाकीची.

तेव्हा खरी भीती वाटली. तोपर्यंतची भीती माझ्यापुरती होती. हा कागद पोलिसांत गेला असता तर केस सगळ्यांवर झाली असती. रतिलालची रिक्षा, सुमनमावशीचा अधू पाय, पाळकाची दोन लहान लेकरं, सगळं डोळ्यांपुढे आलं. जिजीनंच नाव लिहायला सांगितलं, एवढं बोलले असते तरी मी कदाचित सुटले असते. पण मग म्हातारीला त्याच घरात, त्याच खाटेवर राहायचं होतं. तिचं काय झालं असतं ते मला कळत होतं.

फोन तिसऱ्यांदा वाजला.

कोणी म्हणेल, देवानं धीर दिला. दिला असेल. मला फक्त एवढं आठवतं की कान धरून धरून माझे दंड दुखायला लागले होते आणि माझ्या मनात आलं, मी कशाची माफी मागतेय? मी काय केलंय? मी एका बाईची पाठ धुतली. ही यांच्या आईची पाठ आहे. माझ्या आईची नाही.

मी हात खाली घेतले.

उभी राहिले. लुगडं पायांना चिकटत होतं. घाबरले म्हणजे मी शाळेतली मराठी बोलते, मास्तरांना उत्तर द्यावं तशी. तशीच बोलले.

"वही माझी आहे. अक्षर माझं आहे. मला कोणी पाठवलेलं नाही. मी अंगठा देणार नाही."

पुतण्या उठला आणि त्यानं माझ्या कानाखाली मारली. त्या कानात अजून मधूनमधून आवाज येतो. आप्पांनी त्याला थांबवलं. दया आली म्हणून नव्हे, मजूर बघत होते म्हणून. म्हणाले, नाव कोणी लिहायला सांगितलं ते सांग. मी म्हणाले, सांगणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच म्हणाले. मग त्यांनी वही मागवली आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. माझ्या नवऱ्याचं साल मोडलं, असं तिथल्या तिथे सांगितलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. फोन माझ्या अंगावर फेकला.

मी सुमनमावशीच्या घरी पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. ती गोधडीवर तशीच बसलेली; रतिलालचा नंबर तिच्याकडे नव्हता, म्हणून दोननंतरही तीच चालवत होती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मला बघून म्हणाली, आलीस का, आणि मग भिंतीला धरून उठली. माझं लुगडं बघितलं आणि काही न विचारता आपलं काढून दिलं. मी तिच्या मोरीत बसून रडले. फार रडले.

वाटलं होतं, आपली माणसं पाठीशी उभी राहतील. नवरा म्हणाला, अंगठ्यानं काय झिजली असतीस? त्याचा बाप त्याच शेतात मेला होता, त्याची भीती माझ्यापेक्षा जुनी आहे. पण पाळक! ज्यांनी दारी जा म्हणून शिकवलं ते म्हणाले, बहिणी, काही दिवस दारी जाणं बंद ठेवू, प्रार्थना घरात बसून करू, देव घरातूनही ऐकतो. आणि तुझा तास सध्या दुसऱ्या कोणाला देऊ, तुझ्यावर लक्ष आहे. मी त्यांना उलटून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा पाळकाला उलटून बोलले. म्हटलं, पाळकसाहेब, तुमची लेकरं मी डोळ्यांपुढे आणली तेव्हा अंगठा अडला. माझा तास मी सोडणार नाही.

आता आम्ही सुमनमावशीच्या पडवीत राहतो. नवरा रोजंदारीला जातो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. तो व्हिडिओ फिरतो आहे. बाजारात मिरची घ्यायला गेले तर एक पोरगा माझ्याकडे बघून कान धरतो. मोटारसायकल दाराशी हळू झाली की मी उठून कडी लावते. आवाज लांब जाईपर्यंत मी कडीवर हात ठेवून उभी असते. मी शूर नाही. कोणी मला शूर म्हणू नये.

परवा त्या चार बायांपैकी जिनं तेव्हा मान खाली घातली होती ती आली. म्हणाली, सून विचारत होती, मागच्या दारानं, अंधारात येशील का? जिजीच्या पाठीची जखम हाडापर्यंत गेली आहे. ती रात्रभर कण्हते. आप्पा वरच्या मजल्यावर झोपायला गेले.

मी ऐकून घेतलं आणि सांगितलं, मागच्या दारानं येणार नाही. अंधारात येणार नाही. चोरी मी केलेली नाही.

अर्ज लिहून ठेवला आहे. कानाखाली मारलं ते, कान धरायला लावले ते, मी ओली झाले तेसुद्धा लिहिलं आहे, कारण व्हिडिओत ते सगळ्यांनी बघितलंच आहे. उद्या शहाद्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन तो देणार आणि पोचपावती घेतल्याशिवाय बाकावरून उठणार नाही. तिथून सरळ आप्पांच्या दारी जाणार. भर दुपारी, मजूर सुट्टीला बसलेले असताना, पुढच्या फाटकातून. मला भीती वाटणार. कदाचित परत मारतील. पण चपलांपाशी मी बसणार नाही. ओट्यासमोर उभी राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारीन, आप्पा, तुमच्या आईला आज कुशीवर कोणी वळवलं?