कंबरेच्या गोळ्यांचा डबा

डॉक्टरबाईंनी डोळ्यावरचा उजेड बंद केला आणि विचारलं, “ताई, एचआयव्हीची तपासणी कधी केली होती?” मी नवऱ्याकडं बघितलं. तपासणीसाठी डोळ्यात घातलेल्या थेंबांमुळं सगळं धूसर होतं, तरी त्यांची खाली गेलेली मान दिसली. आजाराचं नाव नंतर कळलं, दगा तिथंच कळला.

गुलमंडीतल्या दुकानांच्या साड्यांना मी फॉल-पिको करते. त्या उन्हाळ्यात डाव्या डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगू लागले. दुष्काळ, दारात टँकर, समोर नवा रस्ता खोदलेला. धूळ गेली असेल म्हणून दोन महिने गुलाबपाणी घातलं. मग साडीचा काठ मधेच तुटल्यासारखा दिसायला लागला.

रक्ताचे रिपोर्ट आले. मला एचआयव्ही होता, आणि डोळ्यात सीएमव्ही रेटिनायटिस, म्हणजे एका विषाणूमुळं पडद्याला झालेला संसर्ग. अंगातली प्रतिकारशक्ती फार खालावली की तो डोकं वर काढतो.

नवऱ्याला स्वतःच्या एचआयव्हीचं तीन वर्षांपासून माहीत होतं. “गावाकडं पाण्याचं बघून येतो” म्हणून ते दर महिन्याला शेजारच्या जिल्ह्यातून गोळ्या आणायचे. इथं कुणी ओळखू नये म्हणून. घरी त्या कॅल्शियमच्या डब्यात, ‘कंबरेच्या गोळ्या’ म्हणून. तो डबा रोज जेवणानंतर मीच त्यांच्या हातात द्यायचे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच. पण आधी डोळा बधिर करतात. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. डाव्या डोळ्याची अर्धी नजर गेली ती गेलीच. उजवा वाचला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “दोन महिने आधी आला असतात तर डावाही वाचवता आला असता.”

म्हणून सांगते. एचआयव्ही असेल आणि ठिपके, चमक, सावली दिसली तर गुलाबपाणी घालत बसू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. पडदा तपासून घ्या. आणि रक्त नवरा-बायको दोघांचंही तपासा.

माझं नाव मी एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या इथल्याच केंद्रात घातलं. पहिल्या दिवशी तिथल्या नर्सताई माझा हात धरून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही. ओळखीची माणसं भेटतात, कुजबुजतात. कुजबुजू देत.

परवा नवरा म्हणाले, “लई भ्यालो होतो गं. सांगितलं असतं तर तू सोडून गेली असतीस.”

“गेले असते का नसते, ठाऊक नाय,” मी म्हणाले. “पण गेले असते तर दोन्ही डोळे घेऊन गेले असते.”