भाऊजींची रीम

माझी जीभ तिखट आहे, हे दुबईत ऊद मेथातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या सूर्यकांत भाऊजींनी कुत्री आणली, तेव्हा पहिलं तोंड मीच सोडलं. "अहो भाऊजी, कुत्रीच आणायची तर धडधाकट तरी आणायची! हिच्या बरगड्या इथून मोजता येताहेत."

भाऊजी नुसते हसले. कधी कुणाला उलटून बोलणार नाही असा माणूस. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर, साइट रास अल खैमाला. साइटला लागूनच शर्यतीच्या कुत्र्यांचं फार्म होतं, तिथला हमीद त्यांना चहा पाजायचा. ही ग्रेहाउंड तीन वर्षं शर्यती पळली, मग मागचा पाय दुखावला. मालकाला ती नकोशी झाली. हमीद म्हणाला, "साब, ले जाओ. नहीं तो रेगिस्तान में छोड़ देंगे." भाऊजींनी तिला गाडीत घातलं आणि घरी आणलं. नाव रीम. अरबीत म्हणे हरीण.

रीमला जिना ठाऊक नव्हता. लिफ्टला तर ती थरथरायची. मग भाऊजींनी एकेका पायरीवर तिचा एकेक पाय उचलून ठेवत तिला तीन मजले चढवलं. त्यांच्या लेकीने, सृष्टीने, नऊ वर्षांची होती तेव्हा, आपली गादी देऊन टाकली. त्यांची बायको अनुराधा आठवडाभर फुरंगटून बसली, आणि मग तीच रीमला मांडीवर मान ठेवू द्यायला लागली.

पुढे मंदी आली. २००९च्या फेब्रुवारीत कंपनीचं अबुधाबीचं मोठं काम थांबलं, आणि एका सकाळी निम्म्या स्टाफला खलास म्हणून घरी पाठवलं, त्यात भाऊजीही. व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात देश सोडायचा. त्या दिवसांत जाणारे कितीतरी लोक कुत्रीमांजरं रस्त्यावर सोडून जात होते. सृष्टीने ते पाहिलं होतं. ती जेवेना. "प्रॉमिस मी, बाबा. शी इज कमिंग विथ अस." भाऊजींनी वचन दिलं आणि नोकरी शोधायची सोडून हा माणूस तीन आठवडे कुत्रीच्या कागदांमागे धावत राहिला. लशी, दाखले, विमानाचा पिंजरा. मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, आधी आपलं बघा!"

"वहिनी, पोरीची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. एवढी एक गोष्ट तिच्याबरोबर जाऊ दे."

कागद आले. निघायला सहा दिवस उरले होते. अनुराधाने सत्यनारायण घातला, आणि प्रसादाचा शिरा करायचं माझ्याकडे आलं. साजूक तूप, केळं, बेदाणे, मी हात राखला नाही. पूजा आटोपली, माणसं जेवायला बसली. रीम गॅलरीत एकटी बांधलेली, माझ्याकडे बघत होती. मला एकदम वाईट वाटलं. वर्षभर मी तिला घालूनपाडून बोलले होते. आणि प्रसादाला कुणाला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या आईचं शिकवणं. पातेल्यात उरलेला सगळा शिरा मी तिच्या ताटलीत काढला, वर मूठभर बेदाणेही टाकले. म्हटलं, खा बाई, जाताना तरी गोड खा. तिने ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली आणि माझा हात चाटला.

संध्याकाळपासून ती ओकायला लागली. तिसऱ्या दिवशी तिला उभंही राहवेना. दवाखान्यात सोबत म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी विचारलं, "द्राक्षं, बेदाणे असं काही खाल्लं का? कुत्र्यांना ते विष ठरू शकतं. मूत्रपिंडं गेली आहेत हिची." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ताटली ठेवताना त्यांनी मला पाहिलेलं होतं.

"मी दिले," भाऊजी म्हणाले. "शिऱ्यातून. मला माहीत नव्हतं."

सृष्टी तिथेच उभी होती. "यू किल्ड हर, बाबा."

मी बोलायला हवं होतं. एरवी चुरुचुरु चालणारी ही मेली माझी जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी रीम गेली, आणि दोन दिवसांनी ती तिघं पुण्याला.

भाऊजींना तिकडे धड नोकरी लागलीच नाही. अनुराधा फोनवर सांगायची, पोरगी बापाशी कामापुरतं बोलते. दर वेळी मी ठरवायची, या खेपेला सांगून टाकायचं. एकदा भाऊजींना म्हटलंही, "मी सांगते तिला." ते म्हणाले, "नको वहिनी. आम्ही घरातली माणसं, निभेल आमचं. तुमच्याबद्दल तिच्या मनात कशाला काही?" आणि मला, देवा रे, हायसं वाटलं! दहा वर्षं मी त्या हायशावर काढली.

गेल्या महिन्यात सृष्टीचा फोन आला. भाऊजी झोपेतच गेले होते. बराच वेळ ती काहीबाही बोलत राहिली. मग म्हणाली, "आंटी, आय नेव्हर फरगेव्ह हिम फॉर रीम."

"सृष्टी, तो शिरा मी दिला होता गं. बाबांनी नाही."

"डिड बाबा नो?"

"हो. पहिल्यापासून."

मग ती रडायला लागली. "बाबा, मला सांगायचं होतंस ना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मी फोन कानाला धरून ऐकत राहिले.